मोठ्या रस्त्याची मूठभर माती

२० एप्रिल १९३८. राब भाजायचा होता. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्यावर शेण पसरायचं, शेणावर पाला, पाल्यावर गवत, वर मातीचा पातळ थर, आणि मग तो सगळा थर वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा. मी आणि माझी धाकटी बहीण पाला पसरत होतो. आबा बांधावर उभे राहून आम्ही तो कसा चुकीचा पसरतोय ते सांगत होते.

आबा म्हणजे आमचे थोरले चुलते. वडील गेल्यावर घराचा कारभार त्यांच्याकडे आला होता. किन्हवलीपासून तासाभराच्या वाटेवरच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि तो आहे याची आठवण ते स्वतःच लोकांना देत.

पाल्याचं सांगून झाल्यावर ते मला म्हणाले, "उद्या मुंबईला जायचाय. स्थल बघाया. तू बी चल गो, चूल बघाया बाईमानूस लागतंय."

धाकटीच्या हातातली पाल्याची पाटी तिथेच उपडी झाली. आबा म्हणाले, "बघ, आता कसा नीट पडला."

धाकटीसाठी दोन स्थळं होती. पहिलं सिद्धगडाच्या पायथ्याचं. माणूस बिजवर, पदरात तीन मुलं, जमीन काळीभोर, आणि पाणी घळीच्या तळाशी. तिथून हंडा घेऊन वर यायचं म्हणजे दर खेपेला निम्मा सिद्धगड चढल्यासारखंच होतं. दुसरं स्थळ मामाने आणलेलं. मुलगा मूळचा आमच्याच भागातला, पण आजा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. जमीन नाही, गुरं नाहीत. मुलगा मुंबईच्या मोठ्या रस्त्यावर पाणी मारायच्या कामाला होता. म्हशाच्या जत्रेत धाकटीने त्याला एकदा पाहिलं होतं. तो बैलाच्या दावणीत पाय अडकून पडला आणि उठून स्वतःच हसला, एवढीच तिची त्याच्याशी ओळख. रात्री भाकऱ्या थापताना ती मला एकदाच म्हणाली, "बाय, मला घलीत नको देऊ." नंतर तो विषय तिने काढला नाही. तिला काय हवं ते मला कळलं होतं, आणि ते आबांच्या हातात होतं हेही दोघींना माहीत होतं.

आबांची पद्धत ठरलेली. सोयरीक करायची तर त्या गावची माती, पाणी आणि शेजार बघायचा. शेजाऱ्यांना मुलाबद्दल विचारायचं, तिथलं पाणी पिऊन बघायचं, आणि येताना उपरण्याच्या टोकात मूठभर माती बांधून आणायची. ती करवंटीत घालून त्यात आपल्या घरचं भात पेरायचं. रुजलं तर आपली पोर तिथे रुजेल. नाही रुजलं तर पुढचं स्थळ. आमच्या घरातल्या सगळ्या मुली अशा करवंटीतून गेल्या होत्या. माझ्या सासरची, वैशाखऱ्याची, माती आणली तेव्हा भात असं टरारून आलं की आबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. नवरा चौथ्या वर्षी तापाने गेला, दिरांनी माझी पत्र्याची पेटी दारात आणून ठेवली, आणि मी माहेरी परत आले. मातीला मी दोष देत नाही. माती चांगलीच होती.

बिजवराच्या मातीतही भात आलं होतं. अक्षय्यतृतीयेला त्याला शब्द द्यायचा, एवढंच उरलं होतं. मुंबईचं स्थळ आबा बघायला निघाले ते केवळ मामाचं तोंड बंद करायला.

मामाचं शहापुरात शिवणकामाचं दुकान होतं आणि मुंबईतली प्रत्येक वीट आपल्याला विचारून बसवली असा त्याचा थाट असे. आसनगावला गाडीत बसलो, बोरीबंदरला उतरलो. मुलगा न्यायला आला होता. खाकी अर्धी विजार, खाकी सदरा, डोक्याला काळी टोपी, आणि खांद्यावर हातभर लांबीची लोखंडी किल्ली.

"ही कशाची?" आबांनी विचारलं.

"पाण्याची."

"पाण्याला कुलूप?" आबा मामाकडे वळले. "पावनं, कसली मानसा ही?"

आधी त्याच्या खोलीवर गेलो. माझं काम तिथे होतं. एक खोली, कोपऱ्यात चूल, चुलीवरची भिंत ताजी सारवलेली. आम्ही येणार म्हणून सारवली होती हे उघड होतं आणि ते मला आवडलं. त्याची आई कमी बोलणारी. तिने चहा दिला आणि माझे हात बघितले, मी तिचे बघितले. खोलीबाहेर ओटीच्या टोकाला नळ होता. मी तो उघडला, पाणी आलं. बंद केला, थांबलं. पुन्हा उघडला. मग ती बाई म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ येतं." माझ्यापुरतं स्थळ तिथेच पसंत झालं होतं. पण मला चुलीपुरतंच नेलं होतं.

"आता गाव बघू," आबा म्हणाले.

मुलगा गोंधळला. "गाव म्हणजे?"

"तू जिथं काम करतोस तां. तुजी शेती."

म्हणून आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो. त्याचं नाव कुणा साहेबाचं होतं. ते मामाने तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. बोरीबंदरपासून निघून हा रस्ता कारंज्यापर्यंत जातो, आणि तिथून पुढे काळ्या घोड्याच्या पुतळ्यापर्यंत तसाच मोठा रस्ता लागतो. दोन्ही अंगांना दगडी इमारती, खाली कमानींची रांग, कमानींच्या आत दुकानं. वर बघावं तर दगडाची माकडं, दगडाची पानं, दगडाच्या बायका. रस्त्याच्या मधोमध ट्राम. रुंदी एवढी की आमचं सबंध गाव गुराढोरांसकट आडवं झोपवलं असतं तरी एका बाजूने गाडी गेली असती.

आम्ही तिघं त्यावरून एकामागे एक चालत होतो. आबा पुढे, मामा मध्ये, मी मागे. बांधावरून चालणारी माणसं आम्ही, दुसऱ्या तऱ्हेने चालायचं सुचलंच नाही. आबा पाऊलही जपून टाकत होते, जणू दोन्हीकडे चिखलणी केलेली खाचरं आहेत. समोरून येणारे साहेब आम्हाला वाट द्यायला थांबत आणि मग एवढ्या रुंद रस्त्यावर आपण का थांबलो असा चेहरा करून पुढे जात.

"हितं आधी काय होतां?" आबांनी मुलाला विचारलं.

"किल्ल्याचा तट होता, आबा. बाहेर खंदक. साहेबांनी तट पाडला, खंदक बुजवला, आणि रस्ता केला."

आबा थबकले, तसे आम्हीही एकामागे एक थबकलो. "किल्ला मोडून रस्ता केलान? आमचा किल्ला अजून हाय, रस्ता नाय. यांनी एकदा आमच्याकडं बी यावा."

पहिल्यांदा शेजार. आबांनी एका कमानीखाली बसलेल्या पठाण पहारेकऱ्याला गाठलं आणि मुलाकडे बोट दाखवून आमच्या भाषेत विचारलं, "ह्यो पोर कसा हाय?" पठाणाला वाटलं, मुलाने काही चोरलंय. त्याने मुलाचं मनगट धरलं. मुलगा सोडवून घेऊ लागला, मामा हिंदीत "शादी! शादी!" म्हणून ओरडू लागला. मग पठाणाने मनगट सोडलं, मुलाच्या पाठीवर एक थाप मारली आणि आबांना सांगितलं, "अच्छा लडका. रोज पानी मारता. हमारा जूता भी धोता."

"बूट धुतोस?" आबांनी विचारलं.

"उडतं पाणी," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात कमानीतून उंच काळी टोपी घातलेले एक पारशी गृहस्थ बाहेर आले. मुलाला बघून ते जागीच उभे राहिले आणि छत्री रोखून म्हणाले, "येही! येही है वो! मेरा नया पतलून भिगोया!"

मामाचा चेहरा पडला. पण आबा खूश झाले. ते मला म्हणाले, "बघ. घाटातल्या त्या बिजवराला त्याच्या शेजारचा मानूस वलखत नवता. ह्याला समदा रस्ता वलखतोय." त्यांनी पारशी गृहस्थांना हात जोडून रामराम केला आणि विचारलं, "पतलून भिजवलान, मंग माफी मागितलान का?" मामाने हिंदी केलं. पारशी गृहस्थांनी थोडा विचार करून मान हलवली. "हां. मागा. बहोत मागा."

"मंग झाला तर," आबा म्हणाले. शेजार कसोटीला उतरला.

दुसरं पाणी. मुलाची पाणी मारायची वेळ झालीच होती. त्याने रस्त्याच्या कडेचं लोखंडी झाकण उचललं, आतल्या नळाच्या तोंडाला जाड कापडी नळी बसवली आणि ती मोठी किल्ली फिरवली. नळी अजगरासारखी फुगली. पुढच्या टोकातून पाण्याचा फवारा निघून कोरड्या डांबरावर पसरला. वाफ निघाली. धूळ बसली. मुलगा नळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होता, आणि ट्राम आली की नळी खाली करत होता. काम त्याला येत होतं. एका जागी पाणी साचू देत नव्हता, एक जागा कोरडी सोडत नव्हता.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याच्यात पेरलाय काय?"

"काही नाही, आबा."

"मंग पानी कशाला?"

"धूळ उडू नये म्हणून."

"आनि उद्या?"

"उद्याही मारायचं."

आबांनी मामाकडे बघितलं. एप्रिल महिना. आमच्याकडे बायका ओढ्याच्या पात्रात झरे उकरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. मामा इमारतींवरच्या दगडी माकडांकडे बघू लागला.

आबांनी नळीच्या टोकाखाली ओंजळ धरली. पाण्याच्या जोराने ओंजळ उडाली, मुंडासं उडालं, आणि आबा कमरेपर्यंत भिजले. मुलाने पाणी बारीक केलं. आबा प्यायले, तोंडात घोळवलं, पुन्हा प्यायले.

"गोड हाय. कंच्या विहिरीचा?"

"तानशाचं. तळं बांधलंय ना तिकडे, आपल्या तालुक्यात, तिथून नळाने येतं."

इथे सगळं फिसकटलं. आबा भिजलेलं मुंडासं हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मंग व्हनार नाय."

"का?" मामा किंचाळला. "पानी गोड हाय म्हणालात ना आत्ता?"

"गोड हाय, पन आपलाच हाय. एका पानवठ्यावरची मानसा म्हंजी भाऊबंद. भाऊबंदात पोरगी देतात काय?"

मामा म्हणाला, "आबा, अशानं सगली मुंबई आपली भाऊबंद झाली!"

"झालीच. मी काय करू?" आबांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. ट्राम, साहेब, बग्ग्या, छत्री रोखून अजून उभे असलेले पारशी गृहस्थ. या सगळ्यांकडे त्यांनी जरा वेगळ्या, घरच्या माणसाच्या नजरेने बघितलं. मला वाटतं, त्यांना ते थोडं ओझंच झालं असावं.

मला मध्ये पडावं लागलं. बिजवराची घळ डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "आबा, तानशाचं पाणी आपल्या गावात कोण पितं?"

"कोन पिनार? तिथं पहारा असतोय."

"आपल्या बायका पितात? गुरं पितात?"

"गुरा गेली तर कोंडवाड्यात घालतात."

"मग पाणवठा एक कसा? आपला पाणवठा ओढा. यांचा तानसा."

आबांचं भिजलेलं धोतर डांबरावर ठिबकत होतं. अखेर म्हणाले, "खरा हाय. आपला तां पानीच नाय." आणि मुंडासं पिळून डोक्यावर ठेवलं. ते पाणी आपलं नाही, याचा आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी आम्हाला फायदा झाला.

राहिली माती. हे काम शेवटी ठेवलं होतं, कारण आबांच्या मते ते सगळ्यांत सोपं होतं. खाली वाकायचं, मूठ भरायची.

आबा वाकले. खाली डांबर. कडेला गेले, तिथे फरशी. कमानीत गेले, तिथे संगमरवर. एका पेढीच्या दारात लाल बादल्या टांगलेल्या होत्या, त्यात हात घातला तर वाळू, आणि पठाणाने आवाज दिला, "बाबा, वो आग का है!" आबांना ते नीटसं कळलं नाही, पण त्यांनी हात काढून घेतला. घोडागाड्या उभ्या असतात तिथे लीद भरपूर होती. आबांनी ती बोटाने दाबून बघितली. "खत झ्याक हाय. जमीनच नाय."

कमानींच्या पुढे एका दुकानात कुंड्या होत्या. आबांनी एका कुंडीतल्या मातीचा वास घेतला. मुलगा घाईने म्हणाला, "आबा, ती दुसरीकडून आणलेली माती. इथली नव्हे. ती नेलीत तर खोटं होईल."

मामाने त्याच्या पायावर पाय दिला. मी बघितलं. आबांनीही बघितलं असावं, कारण त्यांनी कुंडी सोडली आणि मुलाला पहिल्यांदाच "बाला" म्हटलं. "बाला, तुजी माती हाय कुठं मंग?"

"रस्त्याखाली असणार," मुलगा म्हणाला.

कारंज्याच्या अलीकडे ट्रामच्या रुळांशेजारी नळासाठी चर खणला होता. कामगार जेवायला गेलेले. चर आबांच्या छातीइतका खोल. वर डांबर, खाली खडी, खाली मुरूम, आणि तळाशी काळपट, ओला, चिकट गाळ. आबांनी धोतर खोचलं आणि ते चरात उतरले.

शहरात माणूस खड्ड्यात उतरला की गर्दी जमते, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे माणूस विहिरीत उतरला तरी कुणी मान वळवत नाही. आधी दोन कारकून आले, मग चार, मग ट्राममधून डोकी बाहेर आली. मग शिट्टी वाजली आणि पिवळ्या टोपीचा पोलीस शिपाई आला.

"ए! बाहेर निघ! काय चोरतोस?"

"माती," आबा खालून म्हणाले.

"कशाला?"

"पोरगी द्यायचीय."

शिपायाला काही सुधरेना. मामाने सुरुवातीपासून सांगायला घेतलं, पण त्याने शहापुरातलं आपलं दुकान आधी सांगितलं, म्हणून मी त्याला बाजूला केलं आणि सांगितलं, "मुलगा हा. मुलगी गावाला. मुलाच्या गावची माती नेऊन त्यात भात पेरायचं, रुजलं तर लग्न. याचं गाव म्हणजे हा रस्ता."

एक कारकून म्हणाला, "अहो, मग माती काय, मुलगा कामाला कायम आहे का ते विचारा." दुसरा म्हणाला, "कायम असून काय, आमचे मेहुणे कायम आहेत." तिसऱ्याने मुलाला गोत्र विचारलं. पारशी गृहस्थ मागून आले होते, ते सगळ्यांना पतलूनीचं सांगत होते. मागे ट्राम घंटा वाजवत उभी होती, आणि वाहक उतरून विचारत होता, मुलगी शिकलेली आहे का?

शिपाई चराच्या काठावर उकिडवा बसला. तो कोकणातला होता. "बाबा, घ्या एक मूठ आणि वर या. माझी पण पोरगी आहे लग्नाची, पण मी असलं काही करत नाही."

"म्हनून अजून घरात हाय," आबा म्हणाले. गर्दी हसली. शिपाईही हसला, जरा वेळाने.

आबांनी गाळाची मूठ भरली. मुलगा काठावरून म्हणाला, "आबा, चाखून बघा आधी."

आबांनी चाखली आणि थुंकली. खारट. खंदकात पूर्वी समुद्राचं पाणी खेळत असे, त्याचाच तो गाळ.

"यात भात येणार नाही," मुलगा म्हणाला. मान खाली, पण आवाज स्वच्छ. "मी आधीच सांगतो. तुम्ही उगाच वाट बघाल."

गर्दीतून "अरेरे" असा आवाज आला. मामाने कपाळाला हात लावला. आबा चरात उभे, मूठ मिटलेली, चेहरा उतरलेला. मुलगा त्यांना आवडला होता, पण मातीपुढे त्यांचा इलाज नव्हता.

भिवंडीकडे माझी आतेसासू खाजण पिकवायची. खाऱ्या जमिनीचं काय करतात ते मी बघितलं होतं. मी मुलाला विचारलं, "तुमचं काम काय?"

"पाणी मारायचं."

"मग मारा की. खारी जमीन गोड्या पाण्याने धुतात."

आबा खालून म्हणाले, "तां खोटा व्हयल गो."

"खोटं कसलं? जमीन सुधारणारा जावई हवा असं तुम्हीच म्हणता. सुधारतो का बघा."

शिपायाने आणि ट्रामच्या वाहकाने त्यांना बगलेत धरून वर काढलं. आबांनी उपरणं पसरलं, त्यात गाळ ठेवला. त्याची चारी टोकं आबा, मामा, शिपाई आणि मी धरली. मुलाने नळी आणून पाणी अगदी बारीक केलं आणि त्या मूठभर चिखलावर धरलं. उपरण्यातून काळं पाणी गळायला लागलं. तो बोटांनी गाळ कालवत होता, त्यातले शिंपले वेचून टाकत होता, पुन्हा पाणी सोडत होता. आबा मधूनमधून चाखून सांगत, "अजून." सगळा मोठा रस्ता उभा राहून बघत होता. ट्रामच्या घंटा थांबल्या होत्या. शिपायाने एकदा विचारलं, "माझं टोक सोडू का? साहेब येईल." आबा म्हणाले, "धर."

शेवटी आबांनी चाखलं, गिळलं, आणि म्हणाले, "चालल."

मुलाला मुकादमाने त्या दिवशी बोल लावले. निम्मा रस्ता कोरडा राहिला होता. ते आम्हाला मामाकडून नंतर समजलं.

गावी आल्यावर माती सुपात वाळवली, करवंटीत भरली, आबांनी स्वतः भात पेरलं. रिवाजाप्रमाणे मुलीने त्या करवंटीला हात लावायचा नाही, म्हणून धाकटी लांब बसून कोंबड्या हाकायची. काम नसलं तरी हाकायची, कोंबडी नसली तरी हाकायची. सारा गाव मुंबईची माती बघायला येऊन गेला. कुणी वास घेतला, कुणी म्हटलं मासळीचा वास येतो, एका म्हातारीने नमस्कार केला.

भात काही येईना. आबा रोज पहाटे करवंटीत डोकावत, आणि दिवसभर करवंटीवरचा राग आमच्यावर काढत. अक्षय्यतृतीया आली. सिद्धगडाकडून बिजवराचा भाऊ शब्द घ्यायला आला. ओटीवर बसला, करवंटीत बघितलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "आबा, ह्यात काय शिमिट पेरलाव?"

तो हे बोलला नसता तर आबांनी त्या दिवशी शब्द देऊन टाकला असता, याबद्दल मला शंका नाही. करवंटी आत असती आणि त्याला दिसली नसती, तरी दिला असता. पण त्या मातीसाठी आबा चरात उतरले होते, पोलीस शिपायाने त्यांचं उपरणं धरलं होतं, आणि ट्राम थांबली होती. ते उठले आणि म्हणाले, "मुंबईची माती हाय. तिला टाइम लागतोय. चार रोज थांबा."

"चार रोजांत काय व्हनार?"

"तां माती बघल."

भाऊ चहा न घेता गेला. मामा म्हणाला, आता ना हे ना ते. आईने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. धाकटी कोंबड्या हाकत राहिली, पण आता तिचा हात जड पडत होता, आणि एकदा तिने ढेकूळ मारलं ते कोंबडीला सोडून थेट मामाला लागलं.

पाचव्या दिवशी दुपारी आबांनी ओटीवरून हाक मारली. करवंटीत एक कोंब होता. वाकडा, टोकाला पिवळा, पण भाताचाच. शेजारी आणखी एक कोंब होता तो भाताचा नव्हता. जाडसर पानाचं, लालसर देठाचं काहीतरी होतं. तसं झाड आमच्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं. रस्त्याखाली किती वर्षं पडून होतं कुणास ठाऊक.

आबा दोन्ही कोंबांकडे आळीपाळीने बघत राहिले. मी म्हटलं, "एकच आलंय, तेही वाकडं."

"तुजा समदा आलता," आबा म्हणाले. "सरल आलता." मग ते आत वळून आईला म्हणाले, "मामाला निरोप धाडा. पोर मोठ्या रस्त्याला दिली." धाकटी अंगणात होती. ती एकदम उठली, आणि कोंबड्या बऱ्याच लांब असूनही त्या सगळ्या पळाल्या.

मग प्रश्न उरला, सिद्धगडाकडे नकार कोण घेऊन जाणार. आबा म्हणाले त्यांच्या गुडघ्यात कळ आहे. मामा शहापूरला निघून गेलाच होता. गावातल्या इतरांना अचानक कामं निघाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी भाकरी आणि कांदा बांधून घेतला आणि निघाले. पोचले तेव्हा बिजवर गोठ्यात दावं वळत होता. तीन मुलं उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी उभ्यानेच सांगितलं, की आमच्याकडून नाही, मुंबईला दिली, तुम्ही दुसरीकडे बघा. तो दावं वळत राहिला. जरा वेळाने त्याने विचारलं, "मुलगा काय करतो?"

"रस्त्यावर पाणी मारतो."

"रस्त्यात काय पेरतात?"

"काही नाही."

त्याने दाव्याला गाठ मारली, ओढून बघितली. "मग रोज का मारतात?"

मी सांगितलं, की धूळ उडू नये म्हणून. मी त्याला वैशाखऱ्याच्या एका घराचं नाव सांगितलं. तिथली मुलगी थोराड होती, अंगाने मजबूत, मुलांची सवय असलेली, आणि तिला चढणीचं काही वाटत नसे. ते घर कुठल्या वळणावर आहे ते नीट समजावलं. मग मुलांना माझी भाकरी दिली, कारण त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं, घळीत उतरून स्वतःच्या तांब्यात पाणी भरून घेतलं, आणि ऊन कलताच परतीच्या वाटेला लागले.